प्रश्न तुमचे: रॅम दारापर्यंत न्यायचा कसा?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त रस्टचे निघाले आणि त्यातही बहुतेक सीज वेपन्सवर, म्हणून हा अंक त्यालाच देतोय. ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रस्ट हा ब्रिटनच्या फेसपंच स्टुडिओजचा मल्टिप्लेअर सर्व्हायव्हल गेम, २०१८ च्या फेब्रुवारीत पूर्ण रूपात आला. हातात एक दगड घेऊन जागे होता आणि तिथून लाकूड तोडणं, घर बांधणं, शेजाऱ्याचं घर फोडणं असं सगळं सुरू होतं. ६ फेब्रुवारी २०२५ च्या प्रिमिटिव्ह अपडेटमध्ये त्यात चाकांवरची वेढ्याची हत्यारं आली, म्हणजे रॅम (भिंतीला धडका देणारा ओंडका), कॅटापुल्ट (लांबून गोळे फेकणारं यंत्र), बॅलिस्टा (मोठे बाण सोडणारं यंत्र) आणि सीज टॉवर (भिंतीवर चढायचा बुरूज).

प्रश्न: आम्ही चौघं मित्र खेळतो. मोठ्या हौसेने रॅम बनवला आणि टेकडीपलीकडच्या क्लॅनच्या (खेळाडूंच्या टोळीच्या) बेसकडे निघालो, पण अर्ध्या वाटेतच त्यांनी आम्हाला गाठलं, तिघं मेले, चौथा पळाला, रॅम त्यांच्या हातात. असंच होतंय दर वेळी. भिंतीला एक धक्का पण लागलेला नाही. चुकतंय कुठे?
— एक वाचक, सांगली

तुमचा सगळा प्लॅन भिंतीपासून सुरू होतोय, तिथे चुकतंय. कुठलं दार फोडायचं, आत कुठे लूट असेल, कोण आधी शिरणार हे तुम्ही नक्की ठरवलं असणार, पण तुमच्या बेसपासून त्या दारापर्यंतचा जो रस्ता आहे तो कुणी चालून बघितला का? रॅम हळू चालतो, आवाज करतो, आणि एखाद्या वरातीसारखा सगळ्या गावाला कळवत जातो की आम्ही निघालोय. त्यामुळे वेढा जिंकायचा की हरायचा हे नव्वद टक्के त्या रस्त्यावरच ठरतं असं माझं ठाम मत आहे.

तर आधी एकाने रिकाम्या हाताने, मेलं तरी चालेल अशा तयारीने, रस्ता बघून यायचा. चढ किती आहे, मध्ये दगड कुठे आहेत, ओढा आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या छतावरून तुम्ही कुठून कुठपर्यंत दिसता. लांबचा वळसा परवडला पण उघड्या माळावरून जाऊ नका, झाडीची कड धरून जा, टेकडीच्या माथ्यावरून तर कधीच नको कारण तिथे आभाळासमोर तुम्ही आणि रॅम दोघं स्पष्ट दिसता.

दुसरी गोष्ट एफओबी, म्हणजे शत्रूच्या जवळचा तात्पुरता तळ, आणि हीच चौघांच्या टीमला तारते. त्यांच्या टीसीच्या (टूल कपबोर्ड, ज्या कपाटाभोवती दुसऱ्याला बांधकाम करता येत नाही) रेंजबाहेर, म्हणजे जिथे स्क्रीनवर बिल्डिंग ब्लॉक्ड दिसत नाही तिथे, आदल्या रात्रीच एक छोटं दगडी घर टाका. फार काही नको, आपला टीसी, चौघांच्या स्लीपिंग बॅगा, दोन पेट्या, आणि बाजूला उंच कुंपणाची भिंत आणि गेट लावून रॅम उभा राहील एवढी जागा. मेलात तर तिथेच उठता येतं, बॅगेला टायमर असतो खरा पण पार घरापासून पळत येण्यापेक्षा ते बरं, आणि रॅमला उघड्यावर काढायचं अंतर अगदी थोडं उरतं. तुमच्या सगळ्या प्रयत्नांत चौथा माणूस पळाला असं लिहिलंय ना, तो पळून जाणार कुठे, जवळ बॅगच नव्हती.

तिसरं म्हणजे कामं वाटून घ्या. एक चालवणार, तो लढणार नाही, त्याने फक्त पुढे बघायचं. एक जण हातोडा आणि लाकूड घेऊन मागे, दुरुस्तीला. उरलेले दोघं रॅमला चिकटून चालणार नाहीत, ते पुढे आणि बाजूला थोडं लांब, कारण हल्ला करणारा रॅमकडे बघत असतो आणि त्याला बाजूने कुणी येतंय याचं भान नसतं. सगळे एका ठिकाणी गोळा होऊन चाललात तर एका फायरबॉम्बमध्ये विषय संपतो.

आणि लो ग्रेड, म्हणजे गेममधलं इंधन, मोजून ठेवा. रॅम त्यावर चालतो आणि मेडिकल सिरिंजला पण तेच लागतं, त्यामुळे ऐन वेळी एकाचं घेऊन दुसऱ्यात घालायची वेळ येते. तीन चरबी आणि एक कापड यातून चार लो ग्रेड बनतं, म्हणजे दोन दिवस आधीपासून अस्वलं आणि डुकरं मारायला लागा.

प्रश्न: रॅम घ्यावा की कॅटापुल्ट? समोरचा बेस दगडी आहे, बाहेरून उंच कुंपण, आत काय आहे माहीत नाही.
— एक वाचक, ठाणे

बाहेरून कुंपण आहे म्हणताय तर कॅटापुल्ट. रॅमला भिंतीला जाऊन भिडावं लागतं, म्हणजे आधी कुंपण फोडा, मग आत शिरा, मग खरी भिंत, आणि तेवढा वेळ वरून बाण येत राहणार. कॅटापुल्ट लांब उभं राहून कुंपणाच्या वरून मारतं. त्यात स्फोटक टाकता येतं, आगीचा गोळा टाकता येतो, नुसते दगड टाकता येतात, आणि नंतरच्या अपडेटमध्ये मधमाश्यांचा बॉम्ब पण आला, तो भिंतीला काही करत नाही पण छतावर बसलेल्यांना तिथे टिकू देत नाही. पहिले एक-दोन मार साध्या दगडांचे करा, पल्ला जुळला की मगच महागाचं सामान टाका.

आत काय आहे याचा अंदाज मात्र आधी घ्याच. दगडी भिंतीला ५०० हेल्थ असते, शीट मेटलला १०००, आर्मर्डला २०००. नेहमीच्या सर्व्हरवर सीफोर या स्फोटकाच्या हिशोबात ते २, ४ आणि ८ असं पडतं, म्हणजे बाहेरून दगड दिसला आणि गाभा आर्मर्ड निघाला तर तुमचा खर्च चौपट झाला. मोठ्या क्लॅनचे लोक बाहेरचा हनीकोम्ब (मुख्य खोल्यांभोवतीचा जादा भिंतींचा थर) दगडात ठेवतात आणि टीसीची खोली आर्मर्ड करतात, हे अगदी कॉमन आहे. कॅटापुल्टने बाहेरचं कवच उघडायचं आणि आतलं काम स्फोटकांनी करायचं असं जमत असेल तर ते सगळ्यात चांगलं. सीज टॉवरचा विचार फक्त छत कच्चं दिसत असेल तरच करा.

एक आग्रहाने सांगतो. समोरचे लोक झोपलेत हे बघून पहाटे चार वाजता रेड मारणारे खूप आहेत, गेमच्या नियमात ते बसतं, पण ही हत्यारं घेऊन समोरचे जागे असताना जा. रस्टमध्ये इतकी वर्षं रेड म्हणजे भिंतीला स्फोटक लावून मागे पळणं होतं, आता कुठे ढकलणारे, नेम धरणारे, वरून तेल ओतल्यासारखं आग टाकणारे असे दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना दिसतात. ती मजा रिकाम्या घरावर वाया घालवू नका.

प्रश्न: आमच्यावर दोनदा कॅटापुल्टने हल्ला झाला. आम्ही आत बसून दुरुस्ती करत राहतो आणि शेवटी हरतो. दोघंच खेळतो. उपाय सांगा.
— एक वाचक, नागपूर

आत बसू नका. आत्ताच फुटलेली भिंत गेम लगेच दुरुस्त करू देत नाही, त्यामुळे हातोडा घेऊन पळापळ करण्यात फक्त लाकूड-दगड जातो. कॅटापुल्ट चालवणारा माणूस एका जागी उभा असतो आणि त्याचं लक्ष तुमच्या घरावर असतं. दोघांपैकी एकाने छतावरून बाण सोडत तिकडे लक्ष गुंतवून ठेवायचं, दुसऱ्याने मागच्या दाराने निघून लांबून वळसा घ्यायचा. मागचं दार नसेल तर ते आजच करा.

बाकी खरं काम हल्ल्याच्या आधीचं आहे, ते म्हणजे जागा. ख्रिस्तपूर्व ३०५-३०४ मध्ये मॅसेडोनियन सेनापती डिमिट्रियसने ऱ्होड्स या ग्रीक बेटावरच्या शहराला वेढा घातला तेव्हा त्याने हेलेपोलिस नावाचा नऊ मजली चाकांचा बुरूज बांधला होता, तो हलवायला ३,४०० माणसं लावली होती असं ग्रीक इतिहासकार डायोडोरस लिहितो. रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस सांगतो की ऱ्होड्सच्या लोकांनी भिंतीला भोक पाडून रात्रभर पाणी, चिखल, सांडपाणी त्याच्या वाटेवर ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी तो बुरूज चिखलात रुतून बसला, ना पुढे ना मागे. शहर पडलं नाही. मागे सोडलेलं वेढ्याचं सामान विकून त्या पैशातून ऱ्होड्सचा प्रसिद्ध पुतळा उभारला अशी परंपरा आहे.

रस्टमध्ये चिखल ओतता येत नाही, पण खडकांच्या मधली, चढावरची जागा निवडता येते. सपाट माळावर, रस्त्याला लागून घर बांधलंत तर चाकांच्या हत्यारांना तुम्हीच वाट करून दिलीत. कुंपणाच्या भिंतींचे तुकडे सुद्धा असे ठेवा की दारासमोर सरळ धावपट्टी मिळणार नाही.

प्रश्न: घोडा लावून कॅटापुल्ट ओढता येतं हे खरं का? आणि खऱ्या काळात असं व्हायचं?
— एक वाचक, धाराशिव

हो, येतं, आणि ढकलत नेण्यापेक्षा केव्हाही बरं. फक्त शेवटच्या टप्प्यात घोडा सोडून मागे ठेवा, शत्रू पहिला बाण त्यालाच मारतो.

आणि खऱ्या काळातलं विचारताय तर उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेली. वजन साधारण ५५ टन. दहा हत्ती आणि चारशे बैल लागले असं सांगतात. परांड्याला गेलात तर किल्ल्यातून बाहेर पडणारी वाट एकदा त्या नजरेने बघा.

प्रश्न: मी न्यू जर्सीत, मावसभाऊ पुण्यात. एकत्र खेळायचंय, सर्व्हर कुठला आणि सुरुवात कधी करावी?
— एक वाचक, न्यू जर्सी

युरोपातला सर्व्हर घ्या, पिंग (सर्व्हरशी बोलायला लागणारा वेळ) दोघांनाही मधलं मिळेल. सक्तीचा वाइप, म्हणजे सगळं पुसून नव्याने सुरुवात, दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ब्रिटनच्या संध्याकाळी ७ वाजता असतो, म्हणजे तुमच्याकडे साधारण दुपारचे २, पुण्यात हिवाळ्यात रात्रीचे साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा. त्यामुळे पहिल्या रात्री लाकूड-दगड गोळा करणं आणि घराची जागा धरणं तुमच्याकडे, भाऊ शुक्रवारी ऑफिसनंतर येईल तेव्हा त्याची बॅग आत टाकून ठेवा. सीज वेपन्सची खरी चव घ्यायची असेल तर प्रिमिटिव्ह मोडचे सर्व्हर शोधा, तिथे आधुनिक बंदुका नसतात. आणि रेड शनिवारी तुमच्या सकाळी ठेवा, तेव्हा पुण्यात संध्याकाळ असते आणि दोघांची झोप शाबूत राहते.