आधी पाणी मोजा, मग खड्डे खणा

या वेळी आलेले तिन्ही प्रश्न अशा मंडळींचे आहेत, ज्यांना बागकाम येतं आणि ते चार लोकांच्या उपयोगी पडावं असं वाटतं.

प्रश्न : आम्ही दहा जणांनी परवानगी काढून मोकळ्या सार्वजनिक जागेत शंभर रोपं लावली. वर्षभरात निम्मी गेली. रोपं चांगली होती. मग चुकलं कुठे?

बहुधा पाण्याच्या हिशेबात. कंबरेएवढ्या रोपाला पाऊस नसताना आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर पाणी धरा. शंभर रोपांचे झाले आठवड्याला २००० लिटर, म्हणजे वीस लिटरच्या कॅनच्या शंभर खेपा, माणशी दहा. आणि हे निदान दोन वर्षं. पहिला महिना उत्साहात निघतो. मग कुणाची परीक्षा, कुणाचं आजारपण, आणि सगळं दोघांच्या गळ्यात पडतं. म्हणून वीस-पंचवीसच रोपं लावा आणि प्रत्येक रोपापुढे दोन नावं लिहा. मोठ्या आकड्यांचा फोटो छान येतो, सावली मात्र जगलेल्या झाडांचीच पडते.

मेलेली रोपं फेकण्याआधी उपटून मुळं पाहा. मुळांचा गोळा अजून पिशवीच्याच आकाराचा असेल, तर ती आतल्या आत गोल फिरत राहिली, बाहेरच्या मातीत शिरलीच नाहीत. पुढच्या वेळी पिशवी पूर्ण काढा आणि गोळ्याला चारही बाजूंनी वरून खाली सुमारे दोन सेंटिमीटर खोल चिरा द्या. बुंध्याची साल मातीलगत काळी, मऊ पडली असेल तर रोप खोल गेलं होतं. खड्डा गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, पण खोली गोळ्याएवढीच. जास्त खणून खाली भुसभुशीत माती भरली की ती पाण्याने बसते आणि रोप तिच्याबरोबर खचतं. मुळं मऊ नसून कोरडी, ठिसूळ निघाली तर पाणी वरवरच दिलं गेलं. तळाला बारीक भोक पाडलेली बादली आळ्यात ठेवली की तेवढंच पाणी सावकाश खोल मुरतं.

पालापाचोळ्याचं आच्छादन पाच ते आठ सेंटिमीटर जाड ठेवा, बुंध्यापासून चार बोटं लांब. बुंध्याभोवती ढीग रचून दिसायला नीटनेटकं होतं, पण साल त्यानेच कुजते.

प्रश्न : जवळच्या वृद्धाश्रमाला बाग करून द्यायची आहे. वाफे कसे असावेत?

आधी तिथल्या लोकांना विचारा. काहींना फुलं हवी असतात, काहींना हाताला काम, काहींना नुसतं सावलीत बसायचं असतं.

व्हीलचेअर बाजूला लावून काम करायचं असेल तर वाफा साधारण साठ सेंटिमीटर उंच ठेवा. एकाच बाजूने हात पोचत असेल तर रुंदीही साठच, दोन्ही बाजूंनी पोचत असेल तर १२० पर्यंत. वाफ्यांमधली वाट निदान ९० सेंटिमीटर, वळणाच्या जागी दीड मीटर. वाट टणक हवी. खडीत चाकं रुततात, काठी घसरते.

वजनाचा विचार सहसा राहून जातो. दोन मीटर लांब, १२० रुंद आणि साठ उंच वाफ्यात जवळजवळ दीड घनमीटर माती मावते, आणि भिजली की ती दोन टनांवर जाते. जमिनीवर काही अडचण नाही. गच्चीवर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय ठेवू नका. कण्हेर, धोतरा अशी विषारी झाडं इथे नकोत. विस्मरण असलेली माणसं पान तोंडात घालू शकतात. पाण्याची झारी दोन लिटरची पुरे.

प्रश्न : पडीक जागेत भाजी पिकवून गरजू कुटुंबांना द्यायची आहे. काय सांभाळावं?

जागेवर आधी काय होतं, ते शोधा. जुन्या रंगकामाच्या भिंती, गॅरेज, भंगार, रहदारीचा रस्ता यांपैकी काही असेल तर मातीत शिसं असू शकतं. चार-पाच ठिकाणची माती एकत्र करून प्रयोगशाळेतून तपासून घ्या. शिशाची तपासणी मुद्दाम सांगावी लागते, नेहमीच्या खतांच्या तपासणीत ती नसते. अहवाल वाईट आला तर तळाशी जाड कापड अंथरून वर तीस सेंटिमीटर स्वच्छ मातीचे वाफे करा. त्यातही पालेभाज्या आणि कंदमुळांपेक्षा टोमॅटो, वांगी, शेंगा बऱ्या, कारण फळात शिसं फार कमी उतरतं.

ताजं शेण घालू नका, पूर्ण कुजलेलं खतच वापरा. फवारणी केलीच तर डब्यावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय तोडणी नको. तोडणी सकाळी करा आणि भाजी त्याच दिवशी पोचवा. पेरण्याआधी घेणाऱ्यांना विचारा की ते काय शिजवतात आणि घरी फ्रिज आहे का. नसेल तर पालेभाजी कमी लावा. भोपळा आणि कांदा आठवडे टिकतात.