‘ऑपरेशन चांगलं झालं म्हणता, मग लीक कसा राहिला?’

बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, सर्जन बाहेर येऊन ‘छान झालं’ म्हणतात, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मग घरी जाताना डिस्चार्ज कार्ड हातात पडतं आणि त्यात ‘स्मॉल रेसिड्युअल लीक’ असं काहीतरी लिहिलेलं दिसतं. कुणीतरी सांगतं की याचा अर्थ गळती शिल्लक आहे. तिथून आई-बापाची झोप उडते. लहान मुलांच्या हार्ट सर्जरीच्या वॉर्डात समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न माझ्यापुढे सतत येतो, म्हणून एका कुटुंबाच्या निमित्ताने सविस्तर लिहिते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुरेखा आणि दत्ता बार्शीकडचे. बाळ सात महिन्यांचं. दूध ओढताना कपाळावर घामाचे थेंब, चार घोट घेतले की दमून सोडून द्यायचं, त्यात दोनदा न्यूमोनिया. अंगणवाडीत आरबीएसकेचं, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं तेव्हा छातीत आवाज ऐकू आला. पुढे टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र दिसलं. यालाच व्हीएसडी म्हणतात. साडेचार किलो वजनावर, सरकारी योजनेतून, पॅच म्हणजे ठिगळ लावून ते बंद केलं.

घरी गेल्यावर गावातल्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले, “आवाज तर अजून येतोय.” एवढं पुरलं. तपासणीच्या तारखेची वाट न पाहता सगळे पुण्याला आले. सोबत बाळाचे आजोबा, आप्पा. खुर्चीवर बसायच्या आधीच ते म्हणाले, “मॅडम, खरं सांगा. फुकटातलं ऑपरेशन म्हणून उरकून टाकलं का?”

योजनेतून उपचार घेणाऱ्या कितीतरी घरांत ही शंका असते आणि बहुतेक जण ती बोलून दाखवत नाहीत. आप्पांनी दाखवली, हे मला फार बरं वाटलं. मनात ठेवलेली शंका पुढच्या तपासण्या चुकवायला लावते. पॅच तोच असतो, सर्जन तेच असतात, ऑपरेशन टेबलही तेच. पण हे नुसतं म्हणून भागत नाही. इको वाचणं हे माझं काम नाही, म्हणून मी त्यांना कार्डिऑलॉजिस्टकडे घेऊन गेले आणि सोबत बसले.

रिपोर्टमध्ये पॅचच्या कडेला दीड मिलिमीटरचा लीक होता. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढलं आणि छिद्राच्या खालच्या काठावर पेन टेकवलं. “आप्पा, इथून हृदयाला ठोके देणारी वायर जाते. डोळ्यांना ती दिसत नाही. इथे टाका खोल घेतला तर ती दुखावते, ठोके मंदावतात आणि बाळाला पेसमेकर लागू शकतो. म्हणून सर्जन इथे टाके जपून, वरच्या थरातूनच घेतात. अशा टाक्यांच्या शेजारी कधी बारीक फट राहते.” कायमचा पेसमेकर लागण्याची वेळ साधारण शंभरात एखाद्या बाळावर येते. या बाळाचा ईसीजी उत्तम होता. दोन मिलिमीटरच्या आतली फट पॅचवर पेशींचा थर चढत जातो तशी पुष्कळदा आपोआप बुजते. मोठी फट असती तर ती ऑपरेशन टेबलवरच, अन्ननलिकेतून केलेल्या इकोत दिसली असती आणि सर्जननी तिथल्या तिथे पुन्हा टाके घातले असते.

मग आवाजाचं काय? नळाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी कमी येतं, पण फवारा जोरात सुटतो. तसंच फट बारीक असली तरी आवाज मोठा येऊ शकतो. मोठ्या छिद्रात दोन्ही कप्प्यांचा दाब जवळजवळ सारखा होतो आणि फुप्फुसांवर भार पडतो. बारीक फटीत दाबातला फरक टिकतो, म्हणजे फुप्फुसं सुरक्षित राहतात. गावातल्या डॉक्टरांनी ऐकलेला आवाज खरा होता, फक्त त्याचा अर्थ घरच्यांनी लावला तसा नव्हता.

सुरेखा इतका वेळ गप्प होती. तिने विचारलं, “मग ऑपरेशन चांगलं झालं, हे कळणार तरी कधी?”

माझ्या मते पालकांनी विचारायचा खरा प्रश्न हाच आहे. तान्ह्या बाळाच्या ऑपरेशनचा निकाल एका दिवशी लागत नाही. पहिलं उत्तर आयसीयूत मिळतं: व्हेंटिलेटर केव्हा निघाला, जंतुसंसर्ग झाला का, ठोक्यांची लय नीट आहे का. दुसरं इकोमध्ये: काय शिल्लक आहे, झडपा कशा आहेत, फुप्फुसांचा दाब उतरला का. तिसरं वजनकाट्यावर. व्हीएसडीच्या बाळाचं वजन ऑपरेशननंतर चढायला लागतं आणि सहा महिने ते वर्षभरात बहुतेक बाळं बरीच भरपाई करतात. मी सुरेखाला माता-बाल संरक्षण कार्डावरची वाढीची रेष दाखवली आणि दर महिन्याला अंगणवाडीत ठिपका मांडून घ्यायला सांगितलं. वजन हलत नसेल तर बारशापासून ‘बारीकच आहे हो’ म्हणत थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. चौथं उत्तर सगळ्यांत उशिरा मिळतं आणि तेच सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहतं. ते म्हणजे बाळाचं बसणं, उभं राहणं, बोलणं, पुढे शाळेतलं लक्ष. तान्हेपणी हार्ट-लंग मशीनवर (ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र) ऑपरेशन झालेल्या मुलांमध्ये हे टप्पे लांबण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ सालीच अशा मुलांची विकासाची तपासणी ठरावीक टप्प्यांवर करावी, असं सांगितलं आहे.

दत्ताचं मन मात्र टक्केवारीत अडकलं होतं. मोबाइलवर कुणीतरी एका हॉस्पिटलची जाहिरात पाठवली होती, ‘शंभर टक्के यश’. तिकडे नेलं असतं तर?

टक्केवारी पाहिली की मी आधी विचारते, कुठल्या बाळांची? युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या हजारो ऑपरेशनांच्या नोंदींवरून २००९ मध्ये धोक्याचे पाच गट ठरवले गेले, त्यांना ‘स्टॅट’ गट म्हणतात. पहिला सगळ्यांत कमी धोक्याचा, पाचवा सगळ्यांत जास्त. व्हीएसडी बंद करणं पहिल्या गटात. मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेल्या नवजात बाळाचं स्विच ऑपरेशन तिसऱ्यात. हृदयाची डावी बाजूच न वाढलेल्या बाळाचं नॉरवूड ऑपरेशन पाचव्यात. फक्त पहिल्या गटाची बाळं घेणाऱ्या हॉस्पिटलचा आकडा नेहमीच देखणा दिसेल. अडीच किलोचं, न्यूमोनिया झालेलं, व्हेंटिलेटरवरून आलेलं बाळ जे हॉस्पिटल नाकारत नाही, त्याचा आकडा खाली जाईल. माझा आदर दुसऱ्या हॉस्पिटलला आहे.

दुसरी गोष्ट संख्येची. तीस ऑपरेशनं झाली आणि एकही मृत्यू नाही, तरी गणिताने खरा धोका दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. तीनशेंत एकही नाही, तर एक टक्क्यापर्यंत. तीनला ऑपरेशनांच्या संख्येने भागायचं, इतका सोपा हा हिशेब आहे. दत्ता किराणा दुकानात हिशेब लिहितो. त्याने तिथेच मोबाइलवर भागाकार करून पाहिला आणि म्हणाला, “म्हणजे शंभर टक्क्यांच्या मागे किती ऑपरेशनं, ते लिहिलंच नाही यांनी.”

तिसरं, मोजलं कधीपर्यंत? डिस्चार्जपर्यंत, तीस दिवसांपर्यंत की वर्षभर? घरी जाऊन बाळ दगावलं आणि कुणी फोन करून विचारलंच नाही, तर ते बाळ यशस्वी म्हणूनच मोजलं जातं. इंग्लंडमध्ये हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलात १९९१ ते १९९५ या काळात हृदयाच्या ऑपरेशननंतर एक वर्षाखालची तीस ते पस्तीस बाळं अपेक्षेपेक्षा जास्त दगावली, असं २००१ च्या चौकशी अहवालात नोंदलं गेलं. आज तिथे प्रत्येक केंद्राचे तीस दिवसांचे आकडे, बाळं किती गंभीर होती हे धरून, सर्वांना पाहता येतात. आपल्याकडेही अशी पारदर्शकता यावी, असं मला मनापासून वाटतं. भारतातली अनेक हॉस्पिटलं आपल्या नोंदी मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनांचा दर्जा सुधारण्यासाठीच्या आयक्यूआयसी या आंतरराष्ट्रीय उपक्रमात पाठवतात. २००८ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात मृत्यू, रक्तातला जंतुसंसर्ग आणि जखमेतला जंतुसंसर्ग यांची तुलना होते. ‘तुमच्या नोंदी कुठे जातात?’ हा प्रश्न पालकांनी जरूर विचारावा. चांगलं युनिट त्याने चिडत नाही.

त्या दिवशी घरी पाठवताना काही गोष्टी मी सुरेखाकडून पुन्हा म्हणवून घेतल्या. बाळाला काखेत धरून उचलायचं नाही, छातीचं हाड सांधेपर्यंत मान आणि बुडाखाली हात घालून उचलायचं. ताप, मलूलपणा, उलट्या, धाप किंवा जखमेतून पाणी, यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. लॅसिक्सचे थेंब (लघवीवाटे शरीरातलं जास्तीचं पाणी काढणारं औषध) मनाने बंद करायचे नाहीत. दात येत आहेत, तर हिरड्या रोज स्वच्छ पुसायच्या आणि दातांच्या डॉक्टरांना पॅचबद्दल आधी सांगायचं, कारण तोंडातले जंतू रक्तातून पॅचपर्यंत पोचू शकतात. रक्त दिलेलं असल्याने गोवराची लस केव्हा द्यायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. आप्पांना एकच काम दिलं: फाइल सांभाळणं.

सहा महिन्यांनी इको झाला. लीक दिसला नाही. वजन साडेसात किलोच्या पुढे गेलं होतं. आप्पांनी वॉर्डभर पेढे वाटले. पण बाळ तेरा महिन्यांचं होऊनही आधाराने उभं राहत नव्हतं, आणि ‘दादा-बाबा’ असे आवाजही फारसे काढत नव्हतं. मी जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्राची, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी केंद्राची, चिठ्ठी पुढे केली, तशी घरात पुन्हा चलबिचल सुरू झाली. “होल बुजलं की. आता अजून कशाला? ऑपरेशन झालेलं पोर, चालेल सावकाश.” हे आजींचं म्हणणं होतं.

आजींना मी म्हटलं, “सावकाश चालेलही. पण आत्ता व्यायाम आणि बोलण्याचा सराव मिळाला तर मेंदू लवकर उचलतो. चार वर्षांनी गेलात तर तेवढा उपयोग होणार नाही. हीसुद्धा ऑपरेशनचीच पुढची तपासणी समजा.” आजी लगेच पटल्या नाहीत. दत्ताने दुकानाच्या सुट्टीचा वार बघून जाण्याचा दिवस ठरवला. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम घरी करून घ्यायची जबाबदारी सुरेखाने आजींवरच सोपवली. पुढच्या भेटीत बाळाला स्टुलाला धरून कसं उभं करायचं, हे मला आजींनीच करून दाखवलं. बोलण्याचा सराव अजून चालू आहे आणि पुढची विकासाची तपासणी दोन वर्षांची झाल्यावर आहे. तारीख आप्पांच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहे.