लेकीच्या चर्चमध्ये मी काय करू?

एक प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. कुणाची मुलगी ख्रिस्ती घरात दिलेली असते, कुणाला ऑफिसातल्या मैत्रिणीनं बोलावलेलं असतं, कुणाला एकटेपणात आपणहूनच जावंसं वाटत असतं. "रविवारी चर्चला जायचंय, पण तिथं करायचं काय असतं?" विचारणारी माणसं बहुतेक मराठी हिंदू घरांतली असतात आणि विचारताना थोडी संकोचलेली असतात. त्या सगळ्यांसाठी शोभाताईंची हकीकत सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

शोभाताई लालबागच्या. घर वारकरी, एकादशी कधी चुकत नाही. यजमान जाऊन काही वर्षं झालेली. मुलीनं मराठी ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं. ती भायखळ्याला राहते आणि नवऱ्याबरोबर उपासनेला जाते. विहीणबाई प्रेमानं बोलवायच्या आणि शनिवारी रात्री शोभाताईंचा गुडघा दुखू लागायचा. तो खरंच दुखायचा. शेवटी लेक म्हणाली, "आई, तुला माझं घर अजून आपलं वाटत नाही." हे जिव्हारी लागलं आणि त्या माझ्याकडे आल्या.

"माउंट मेरीच्या जत्रेत मेणबत्ती लावलीय मी. माहीमला बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेलाही गेलेय," त्या म्हणाल्या. "पण तिथं गर्दीत कोण कुणाला बघतंय? इथं सगळे रांगेत बसणार. मी चुकले तर लेकीची मान खाली जाईल."

हा फरक त्यांनी अचूक टिपला होता. ती दोन्ही ठिकाणं कॅथलिक पंथाची, लेकीचं चर्च प्रोटेस्टंट पंथाचं. प्रोटेस्टंट चर्च आतून बरंच साधं असतं. समोर क्रूस, प्रवचनाची जागा, उघडं बायबल. मूर्ती किंवा नवसाच्या मेणबत्त्या सहसा नसतात. दर्शन घेऊन निघायचं अशी रीत नसते, सगळ्यांनी मिळून तास-दीड तास उपासना करायची असते. प्रार्थना, गीतं, पापांची कबुली, शास्त्रपाठ, पाळकांचं म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं प्रवचन, दानार्पण, शेवटी आशीर्वाद. क्रम चर्चगणिक थोडा बदलतो. 1970 साली सहा प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही एकच संस्था झाली, तरी जुन्या चालीरीती टिकून आहेत आणि अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांसारखे काही पंथ वेगळेच राहिले. मुंबईत तर एकाच चर्चमध्ये इंग्रजी, मराठी, तमिळ अशा निरनिराळ्या उपासना असू शकतात. म्हणून भाषा आणि वेळ आधी विचारून घ्यावी.

उठणं-बसणं शेजारच्याकडे बघून जमतं. गुडघा दुखत असेल तर बसूनच राहावं, कुणी काही म्हणत नाही. कपडे नेहमीचे, नीटनेटके. काही वयस्क बायका प्रार्थनेला डोक्यावर पदर घेतात, पाहुणीवर तसं बंधन नसतं.

"पण रिकाम्या हातानं देवाकडे जायचं?" हा त्यांचा खरा सल होता. नारळ-फुलं लागत नाहीत. दानाची थैली फिरते, वाटलं तर टाकावं, नाहीतर पुढे द्यावी.

आणि प्रभुभोजन. भाकर आणि द्राक्षरस दिला जातो तेव्हा काय करायचं, याची त्यांना धास्ती होती, कारण प्रसाद नाकारणं त्यांच्या लेखी पाप. मी सांगितलं की तो प्रसाद नाही. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, घेतलेल्यांनी ख्रिस्ताच्या मरणाची आठवण ठेवून घ्यायचा तो विधी आहे. पाहुण्यानं जागेवर बसून राहणं हाच तिथला मान राखणं आहे.

एवढी माहिती मिळूनही त्या गेल्या नाहीत.

मग एकदा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा विषय निघाला. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले हे कवी. त्यांनी ख्रिस्ती भजनं अभंग-ओव्यांच्या वळणानं लिहिली, आणि मराठी उपासनेत ती आजही गातात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. शोभाताई ताठ बसल्या.

"म्हणजे ते पूल ओलांडून गेलेच ना, मॅडम?"

असं वाक्य आलं की मी समजूत घालत नाही, त्याच्या मागोमाग जाते. भीतीला तिचं बोलणं पुरं करू द्यावं, ही माझी रीत आहे आणि ती मला सहसा योग्य जागी नेते.

"गेले. मग?"

"मग मलाही आवडलं तर?"

"आवडलं तर काय होईल?"

त्या कितीतरी वेळ गप्प होत्या. "मी तिथं गायला लागले तर विठोबाला काय वाटेल? ह्यांना काय वाटलं असतं?"

परक्यांनी आपल्याला नाकारलं तर, ही भीती माणूस चटकन सांगतो. परक्यांनी जवळ केलं आणि आपल्याला बरं वाटलं तर, ही भीती तो स्वतःलाही सांगत नाही, कारण त्यात आपल्या माणसांशी बेइमानी केल्यासारखं वाटतं. नवख्यांशी बोलताना मी आता ही दुसरी भीती आधी शोधते.

मी एवढंच विचारलं, "लेकीनं ते घर आपलं मानलं, म्हणून ती तुमची राहिली नाही का?"

त्यांचे डोळे भरले. "राहिली की." मग थांबून म्हणाल्या, "माझा तिच्यावर जेवढा विश्वास आहे, तेवढा विठोबाचाही माझ्यावर असेलच."

हे उत्तर त्यांचं त्यांनी शोधलं. मी दिलं असतं तर ते दारापर्यंतही टिकलं नसतं.

व्यवहाराचं एक सांगणं मात्र माझ्याकडे राहिलं होतं. उपासनेला बसल्यानं कुणी ख्रिस्ती होत नाही. बाप्तिस्मा स्वतः मागावा लागतो आणि मोठ्या माणसाला त्याआधी शिक्षण घ्यावं लागतं. कुठं कुणी घाई किंवा आग्रह केला तर स्पष्ट नाही म्हणून उठावं, पाहुणा असलो तरी तो आपला हक्क आहे.

पुढच्या रविवारी त्या गेल्या. प्रभुभोजनाला जागेवर बसल्या, भजनाला मांडीवर ताल धरला, नंतर विहीणबाईंबरोबर चहा घेतला. आता त्या अधूनमधून जातात आणि एकादशीही करतात.

बोलावणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. अनेक मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, नवीन माणसाला उभं करून नाव सांगायला लावतात आणि टाळ्यांनी स्वागत करतात. त्यामागे प्रेम असतं, पण लाजऱ्या माणसाचा जीव त्यानं अर्धा होतो. तेव्हा हे हवं की नको, ते त्यालाच आधी विचारा आणि पाळकांच्या कानावर घाला. त्याच्या शेजारी बसा, गीताचं पान काढून द्या. आणि बाहेर पडताच "कसं वाटलं?" असं विचारू नका. त्याला वाटेल तेव्हा तो बोलेल.