सीएनसी घ्यायच्या आधी

अरे, सीएनसी मशीन (कॉम्प्युटरच्या सूचनांवर लाकूड कापणारं, कोरणारं) घ्यायचं म्हणतोयस तर घे, पण लगेच नको. नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याची जाळी, एकाच मापाचे दहा तुकडे असं काम असेल तर सीएनसी सोनं आहे. एखाददुसऱ्या चौकटीला पटाशी आणि जिगसॉ (हातात धरायची विजेची करवत) हेच बरे; डिझाइन काढून जी-कोड (मशीनला द्यायच्या सूचनांची फाइल) बनवेपर्यंत हाताने काम उरकतं.

३०१८ म्हणून जे स्वस्तातलं मॉडेल मिळतं, त्यावर साधारण ३०० बाय १८० मिमीच काम मावतं. एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबून केलेला बोर्ड), पाइन ठीक. सागावर मी पहिल्याच दिवशी एका फेरीत ३ मिमी खोल उतरवायला गेलो. चर्रर्र आवाज, जळका वास, आणि बिट (कापणारं टोक) मोडून लाकडातच! आता अर्धा-अर्धा मिमी उतरतो.

खरी कटकट धुळीची. एमडीएफची धूळ पिठासारखी बारीक, थेट छातीत जाते. व्हॅक्यूम आणि मास्कचे पैसे आधीच धर. शिवाय आवाज. आमच्या खालच्या काकू दुपारी दोनला वर आल्या होत्या (पुण्यात १ ते ४ च्या झोपेचं महत्त्व तुला काय सांगू).

तोवर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून तुकडे आण, एक-दोन डिझाइनं जॉबवर्कवर (मशीनवाल्याला पैसे देऊन) कापून घे. फाइल मात्र स्वतः बनव. तिथंच कंटाळलास तर पैसे वाचले.