मॅकबेथ पहिल्यांदा वाचतोयस? आधी एवढंच बघ

शेक्सपिअरचं हे सगळं नाटक एकदम धरू नकोस, पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश दोनतीनदा वाच. मॅकबेथ एकटाच हिशोब मांडतो, डंकन माझा राजा, नातेवाईक, वर आज माझ्याच घरी पाहुणा आणि माणूसही भला, मग मारायला कारण काय तर निव्वळ महत्त्वाकांक्षा. बायकोला, म्हणजे लेडी मॅकबेथला, 'आता पुढे नको' सांगतोही, पण ती मर्दानगीवर बोट ठेवते आणि गडी फिरतो!

नवीन लोक हमखास चुकतात ते म्हणजे सुरुवातीला मॅकबेथला भविष्य सांगणाऱ्या चेटकिणींवर सगळं ढकलतात. त्या फक्त राजा होशील म्हणतात, खुनाचा विचार त्याचाच.

आणि लेडी मॅकबेथला दगड समजू नकोस. झोपलेला डंकन वडिलांसारखा दिसला म्हणून तिचाही हात उचलला नाही, दुसऱ्या अंकातली ती ओळ अजिबात सोडू नकोस.

टीकाकार वगैरे नंतर.