पाटीवरचं साल

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

तुमच्या बारच्या इतिहासाची पानं वाचली. ‘आजोबांनी 1952 साली बार काढला’ हे पहिलंच वाक्य काही पटेना. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच वर्षी दारूबंदीचा कायदा झाला आणि 1950 पासून राज्यभर बंदी आली. मग शाहूपुरीत भर रस्त्यावर बार कसा चालेल? बारच्या पाटीवरचं 1952 हे साल खोटंच असेल असं नाही. तेव्हा खाणावळ असेल, नाहीतर सोडा-लेमनचं दुकान. मागच्या खोलीत आणखी काही चालत होतं का, तेही म्हाताऱ्यांना विचार. सांगतात ते, फक्त बाबा समोर नसताना विचार.

खरं साल लायसनवर मिळेल. परमिट रूमचं, म्हणजे बसून प्यायच्या बारचं, एफएल-3 लायसन दरवर्षी 31 मार्चला संपतं, म्हणजे वर्षाला एक तरी कागद असणारच. आजोबांच्या जागी वारस म्हणून कुणाचं नाव लागलं, भागीदार कोण आला, कोण गेला, सगळं त्यात दिसेल. घरची भांडणं कुणी लिहून ठेवत नाही, ती अशा कागदांतच सापडतात. गंमत म्हणजे हे लायसन आजही त्याच दारूबंदी कायद्याखाली मिळतं आणि कायद्यानं पिणाऱ्यालाही परवाना लागतो. तुमच्या गल्ल्यावर त्या परवान्यांची पुस्तकं कोण भरतं आणि कुणाच्या नावानं, यावर एक प्रकरण सहज होईल. छापायचं की नाही, ते नंतर बघू.

शाहूपुरी ही शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेली व्यापारपेठ, गुळाची. तेव्हा तुमचं जुनं गिऱ्हाईक म्हणजे अडते, हमाल, गाडीवान असणार. उधारीची वही असेल तर तीत धंद्यांची नोंद बघ. माणसांची नावं मात्र गाळ, त्यांची नातवंडं गावातच आहेत.

तुझ्या लिखाणात एक जागा फार पोकळ आहे. सगळं गल्ल्यामागून दिसतं. आजोबा दिलदार, गिऱ्हाईक जिवाभावाचं! पगाराच्या दिवशी दारात येऊन नवऱ्याला हाक मारणारी बाई कुठंय? गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांकडं जा. तू त्या घरातली म्हणून काही जणी तोंडावर बोलतील, ऐकून घे. मग वेटरकडं जा. महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दारूविक्री 1 एप्रिल 2017 पासून बंद झाली, त्यात तुमचा बार सापडला होता का? सापडला असेल तर वेटरांचा पगार चालू राहिला का, हे त्यांनाच विचार, बाबांना नको.

कागदांचे फोटो आधी काढ. 2019 आणि 2021 च्या पुरात शाहूपुरीत किती पाणी होतं, तुला सांगायला नको. खालच्या कपाटातलं काय वाचलं तेवढं कळव. आणि पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा सालं पेन्सिलीनं लिही.