घरपोच दुरुस्तीचा धंदा चालवणाऱ्या मालकाला मॅनेजमेंटचे कोणते शब्द खरोखर यायला हवेत?

तुम्ही लिहिलंय की डोंबिवलीत एसी, गीझर आणि प्लंबिंगची कामं घेता, हाताखाली सात मुलं आहेत. नव्याने ठेवलेला मॅनेजर केपीआय, युटिलायझेशन, एसओपी असं बोलायला लागला की मान डोलावण्यापलीकडे काही करता येत नाही. यातले कोणते शब्द मालकाला यायलाच हवेत आणि कोणते सोडून दिले तरी चालतील, असा तुमचा प्रश्न आहे. मी पुण्यात हाच धंदा करतो, मुख्यतः एसी आणि इलेक्ट्रिकलची कामं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी कसोटी सरळ आहे. ज्या शब्दामुळे जॉब कार्डवर (प्रत्येक कामाची नोंद करायच्या कागदावर) एखादा रकाना वाढतो किंवा सकाळी कामं वाटताना तुमचा निर्णय बदलतो, तो शब्द शिका. व्हिजन, मिशन, सिनर्जी हे सात माणसांच्या धंद्यात आज नसले तरी काही अडत नाही.

सगळ्यात आधी कॉलबॅक. आपल्याकडे मुलं याला रिपीट कॉल म्हणतात. केलेल्या कामाची त्याच कारणासाठी पुन्हा तक्रार आली, की तो कॉलबॅक. आपल्या धंद्यात पैसा सगळ्यात जास्त इथे गळतो, आणि हिशेबाच्या वहीत तो कुठेच दिसत नाही, कारण त्या फेरीचं बिलच फाटत नाही. पेट्रोल गेलं, दोन तास गेले, त्या वेळात झालं असतं ते पैशाचं काम गेलं, आणि गिऱ्हाईकाने सोसायटीच्या ग्रुपवर चार ओळी लिहिल्या त्या वेगळ्याच. तीस दिवसांच्या आत त्याच मशीनसाठी आलेला प्रत्येक फोन वेगळ्या रंगाने लिहायला सांगा. कोणाच्या कामाचा, कोणत्या मशीनचा, काय तक्रार, एवढं पुरे.

कॉलबॅक मोजायला लागलात की लगेच रूट कॉज, म्हणजे मूळ कारण, हा शब्द लागतो. टोयोटाच्या कारखान्यातून आलेली 'पाच वेळा का विचारा' ही पद्धत तुमचा मॅनेजर सांगेलच. ती आपल्या कामात कशी लागू पडते ते पाहा. समजा एसीत गॅस भरला आणि आठ दिवसांत पुन्हा कूलिंग गेलं. का? गॅस गळाला. का? फ्लेअर नटच्या जॉइंटला लीक होतं. ते आधी का सापडलं नाही? नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट केली नव्हती. का नाही केली? सिलिंडर दुकानात होता. का? सिलिंडर जड, मुलगा दुचाकीवर, आणि त्या दिवशी त्याच्या नावावर सहा कॉल लावलेले. आता सांगा, चूक कोणाची? तिसऱ्या 'का'ला थांबलात तर मुलावर ओरडाल आणि पुढच्या आठवड्यात दुसरा मुलगा तेच करेल. पाचव्यापर्यंत गेलात तर कळतं की कामं लावायची पद्धत बदलायला हवी: गॅसचा कॉल असेल तर व्हॅन, नायट्रोजन आणि व्हॅक्यूम पंप सोबत, आणि त्या दिवशी त्या मुलाला मोजकेच कॉल. हे मालकाचं काम आहे, मुलाचं नाही. लीडरशिप म्हणून जे काही शिकवतात, त्यातला मोठा भाग मला तरी इथेच सापडला आहे.

याचाच जोडीदार शब्द फर्स्ट टाइम फिक्स. पहिल्याच फेरीत किती कामं मिटली, याचं प्रमाण. ते कमी असेल तर कारागीर कच्चे आहेत असं लगेच ठरवू नका. निम्म्या वेळा दोष फोन घेणाऱ्याकडे किंवा बॅगेत असतो. फोनवर एवढंच विचारायचं: एसी किती टनाचा, इन्व्हर्टर आहे का, आतलं युनिट हवा फेकतंय का, बाहेरचा पंखा फिरतोय का, डिस्प्लेवर एरर कोड कोणता? बाहेरचा पंखा फिरत नाही म्हणाले आणि मशीन साधी, बिनइन्व्हर्टरची असेल, तर मुलाने त्या मशीनला चालणारा फॅन कपॅसिटर (पंख्याची मोटर चालवायला लागणारा छोटा स्पेअर) बॅगेत घेऊनच निघायला हवं. तो घ्यायला भर उन्हात पुन्हा दुकान गाठणं म्हणजे अर्धा दिवस गेला.

आता पैशाचे शब्द. युटिलायझेशन म्हणजे पगार देतो त्या वेळातला किती वेळ बिलात उतरतो. मुलगा नऊ ते सहा कामावर असतो, पण जेवण, ट्रॅफिक, सोसायटीच्या गेटवरची नोंद, बंद लिफ्ट आणि घरी नसलेलं गिऱ्हाईक वजा केलं तर विकता येणारे तास साडेचारच्या आसपास धरा. आकडे उदाहरणाचे घेतो, तुम्ही तुमचे घाला. पगार २२,००० रुपये, पेट्रोल ४,५००, फोन, युनिफॉर्म आणि हत्यारं १,५००, बोनस आणि भरपगारी रजा मिळून महिन्याला २,०००. झाले ३०,०००. महिन्याचे २६ दिवस गुणिले साडेचार म्हणजे ११७ तास. भागाकार केला की एका विकलेल्या तासाला साधारण २५६ रुपये नुसते मुलाचेच लागतात. तासाभराची सर्व्हिस ५०० रुपयांना केलीत तर उरलेल्या २४४ मध्ये दुकानाचं भाडं, फोन घेणारीचा पगार, जाहिरात, कॉलबॅकच्या फुकट फेऱ्या आणि शेवटी तुम्ही. हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने कागदावर मांडा. कोपऱ्यावरचा ३५० मध्ये करतो म्हणून आपणही करू, हा विचार त्यानंतर परत मनात येत नाही.

मार्कअप आणि मार्जिन यांची गल्लत तर मी चांगल्या चालत्या दुकानांतही पाहतो. ८,००० ला आणलेला कॉम्प्रेसर २५ टक्के चढवून १०,००० ला लावला. चढवले ते २५ टक्के, तो मार्कअप. पण विक्रीतले हाती राहिले २,००० म्हणजे २० टक्के, ते मार्जिन. गिऱ्हाईक म्हणालं, "दहा टक्के तरी कमी करा," आणि तुम्ही हो म्हणालात, तर गेले १,०००. म्हणजे नफ्यातला निम्मा वाटा त्या एका 'हो'मध्ये गेला. हे गणित मुलांनाही शिकवा. दारात उभं राहून सवलत देणारे तेच असतात, आणि आपण किती देतोय ते त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. जीएसटी यातून बाजूला ठेवा. ते सरकारचे पैसे आहेत, ना मार्कअप ना मार्जिन.

एएमसीबद्दल, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या कराराबद्दल, एकच गोष्ट. मार्चमध्ये वर्षाचे पैसे आगाऊ येतात आणि खातं भरलेलं दिसतं. पण तीन सर्व्हिस कबूल केल्या असतील आणि एक झाली असेल, तर दोन सर्व्हिसचे पैसे अजून तुमचे नाहीत. त्याला अनअर्न्ड रेव्हेन्यू म्हणतात. त्या पैशात व्हॅनचं डाउन पेमेंट केलं की पावसाळ्यात पाणी गळण्याच्या तक्रारी येतात तेव्हा मुलांचा पगार ताज्या कामातून काढावा लागतो. एएमसीचं वेगळं खातं ठेवा, आणि जेवढी सर्व्हिस झाली तेवढेच पैसे तिथून चालू खात्यात वळवा.

येणी हा जुनाच शब्द आहे. मॅनेजर त्याला रिसिव्हेबल्स म्हणेल, किती दिवस थकली ते विचारेल, आणि त्याचं बरोबरच आहे. घरगुती गिऱ्हाईक यूपीआयने जागेवर देतं. अडकतात ती ऑफिसं, दवाखाने आणि मोठ्या सोसायट्या. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर आधी करून घ्या. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात, आणि ती तारीख ४५ दिवसांपलीकडे ठरवता येत नाही. काहीच ठरलं नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर व्याजही लागतं. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की अकाउंट्सवाले फाइल जरा लवकर हलवतात, हा माझा अनुभव.

माणसांच्या बाबतीत मी तीन-चारच शब्द धरेन. डेलिगेशन म्हणजे काम सोपवणं एवढंच नाही, कामासोबत ठरावीक अधिकारही द्यावा लागतो. माझ्याकडे सीनियर मुलाला ठरावीक रकमेपर्यंतचं स्पेअर मला न विचारता लावता येतं, आणि आपल्या हातून काही तुटलं-फुटलं तर जागेवर थोडी रक्कम बिलातून वळती करता येते. त्याच्या वर गेलं तर फोन. ही मर्यादा आकड्यात लिहून द्या. "तू बघून घे रे" म्हणून पाठवायचं आणि संध्याकाळी "कोणाला विचारून केलंस?" म्हणायचं, यात चांगली मुलं टिकत नाहीत. ती स्वतःचं कार्ड छापतात किंवा ॲपवर नोंदणी करतात, आणि तुमची गिऱ्हाइकंही त्यांच्या फोनमध्ये सेव्ह असतात.

अकाउंटेबिलिटी म्हणजे एका गोष्टीला एकच उत्तर देणारा माणूस. काम तिघे मिळून करतील, पण "बॅगांमधलं स्पेअर रोज संध्याकाळी कोण मोजतं?" याचं उत्तर एका नावात यायला हवं. "सगळे मिळून बघतात" असं उत्तर आलं तर ते काम होत नाहीये असं समजा.

फीडबॅकवर खूप बोललं जातं. मी मुलांच्या सुपरवायझरला एवढंच सांगतो: काय पाहिलंस, त्याने काय झालं, उद्यापासून काय करायचं. "तू निष्काळजी आहेस" हा फीडबॅक नाही. "काल इनडोअर उघडायच्या आधी खाली प्लास्टिक टाकलं नव्हतंस, सोफ्यावर काळं पाणी सांडलं, सोफा साफ करायचे पैसे आपण भरले. उद्यापासून आधी प्लास्टिक, मग स्क्रू ड्रायव्हर." हा फीडबॅक. आणि तो गिऱ्हाईकासमोर कधीच द्यायचा नाही, गिऱ्हाईक कितीही तापलेलं असो. तिथे मुलाच्या बाजूला उभं राहायचं, माफी आपण मागायची, बाकीचं दुकानात.

एसओपीवर, म्हणजे काम करायच्या ठरवून लिहिलेल्या पद्धतीवर, थोडा थांबतो, कारण आपल्या कामात हा जिवाशी गाठ असलेला शब्द आहे. बाराव्या मजल्यावरचं आउटडोअर युनिट बाहेरच्या ब्रॅकेटवर असतं आणि मुलगा खिडकीतून अर्धा बाहेर झुकतो. आर-३२ गॅस आता बहुतेक नव्या मशीनमध्ये असतो, आणि तो थोडाफार पेट घेणारा आहे. लाइनमध्ये गॅस शिल्लक असताना ब्रेझिंगचा (नळ्या तापवून जोडायचा) टॉर्च लावला तर दुर्घटना होऊ शकते. म्हणून माझ्याकडची एसओपी लांबलचक फाइल नाही. लॅमिनेट केलेला एक कागद आहे, प्रत्येक बॅगेत: बेल्ट नीट अडकवल्याशिवाय खिडकीबाहेर जायचं नाही, गॅस पूर्ण काढून नायट्रोजन फिरवल्याशिवाय टॉर्च पेटवायचा नाही, खोलीत हवा खेळती ठेवायची, गॅस अंदाजाने नाही तर आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे वजनावर भरायचा.

पण कागदाने एसओपी होत नाही. बेल्ट अडकवायला जागा नाही म्हणून मुलाने काम नाकारलं आणि गिऱ्हाईक फोनवर तुमच्यावर चिडलं, की त्या क्षणी ठरतं तुमच्याकडे एसओपी आहे की नाही. तुम्ही "मॅडम, त्याने बरोबर केलं, अँकर लावून उद्या येतो" म्हणालात तर आहे. "अरे कर की दोन मिनिटांचं काम" म्हणालात तर त्या दिवसापासून बॅगेतला कागद कोणी वाचणार नाही.

सुपरवायझर नेमताना सगळ्यात हुशार कारागिरालाच नेमायचं असा मोह होतो. जरा थांबा. दुसऱ्याचं काम शांतपणे तपासता येतं का आणि ज्युनिअरला समजेल असं सांगता येतं का, हे आधी दोन-तीन महिने पाहा. जमत नसेल तर त्याला मास्टर टेक्निशियन म्हणून जास्त पगार द्या, अवघड कॉल त्याच्याकडे लावा. पगारवाढीसाठी त्याला हातातलं काम सोडावं लागू नये.

राहिला केपीआय, म्हणजे धंदा कसा चाललाय ते दाखवणारा महत्त्वाचा आकडा. मॅनेजरने वीस आकड्यांचा तक्ता आणला असेल तर त्याला नाराज करू नका, पण दर सोमवारी तुमच्यासमोर चारच ठेवायला सांगा: कॉलबॅक किती, पहिल्या फेरीत मिटलेली कामं किती, माणशी विकलेले तास किती, ३० दिवसांवरची येणी किती. प्रत्येक आकड्यासमोर गेल्या आठवड्याचा आकडा हवा. महिनाभर काही बदलू नका, नुसतं बघा. आणि इनामाची घाई करू नका. नुसत्या कॉलच्या संख्येवर इन्सेंटिव्ह लावलात तर मुलं घाईने कॉल क्लोज करतील आणि कॉलबॅक वाढतील. लावायचाच असेल तर तीस दिवस परत न आलेल्या कामांवर लावा, आणि मुलाच्या हातात नसलेल्या कारणाने परत आलेला कॉल त्यातून वगळा.

तुमची माणसं आता सात आहेत. वाढवत गेलात तर वीसला पोहोचण्याआधीच सीएला गाठा, कारण वीस माणसं झाली की पीएफची नोंदणी करावीच लागते, आणि वरचा तासाचा हिशेब तेव्हा पुन्हा मांडावा लागेल. गीझर आणि प्लंबिंगचे कॉल मात्र एसीपेक्षा छोटे असतात, म्हणून त्यांचे विकलेले तास पहिल्यापासून वेगळे मोजा. त्यातले आकडे टाकून पुन्हा लिहिलंत तर रेट कार्ड कसं बांधायचं तेही सांगेन.